हँडल पूर्ण मागे गेलं का?

नमस्कार मंडळी, आज विमान उतरतानाच्या शेवटच्या सात-आठ सेकंदांबद्दल बोलूया. जेट रनवेवर टेकवताना पायलटनी इंजिनाची पॉवर झटक्यात काढायची की हळूहळू, यावर पायलट लोक चहा गार होईपर्यंत वाद घालू शकतात. माझं मत विचाराल तर किती पटकन हे नंतर बघू, पॉवरचं हँडल (प्रत्येक इंजिनाला एक, मागे ओढलं की पॉवर कमी) शेवटपर्यंत मागे गेलं का आणि दोन्ही गेली का, ते आधी बघा.

आता हिशोब ऐका. एअरबस ए 320 सारखं विमान ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास वेगानं येतं, मिनिटाला साधारण 700 फूट खाली उतरत, आणि रनवेचं टोक ओलांडताना 50 फुटांवर असतं, म्हणजे काहीच केलं नाही तर चार-पाच सेकंदांत आदळणार. म्हणून 30 फुटांच्या आसपास नाक जरासं उचलायचं, त्याला फ्लेअर म्हणतात, आणि त्याच ओघात पॉवर काढत जायची, अशी की चाकं टेकताना इंजिन आयडलला, म्हणजे सगळ्यात कमी जोरावर, असेल. फार लवकर काढली तर वेग पडतो, वर इंजिनं पंखाखाली लटकलेली असल्यामुळे पॉवर गेली की नाकही खाली जायला बघतं, मग दाणकन लँडिंग. उशीर केला तर विमान तरंगत राहतं आणि दर सेकंदाला सत्तरेक मीटर रनवे मागे पडतो, पावसात ओल्या रनवेवर तो फार महाग पडतो. त्यामुळे वेग जास्त असेल तर थोडं आधी काढा, वारा झोत मारत असेल तर थोडं थांबा, ठरलेला आकडा असा नाहीच. बारामती किंवा गोंदियाला छोट्या पंख्याच्या विमानावर शिकलेल्या पोरांना ही सवय नव्यानं लावावी लागते, कारण जेटचं इंजिन फटफटीसारखं रेस दिली की लगेच उचलत नाही, आयडलवरून पूर्ण जोर यायला काही सेकंद जातात, आणि 20 फुटांवर तेवढे सेकंद हातात नसतात.

एअरबसमध्ये 20 फुटांवर मशीनच ओरडतं, "रिटार्ड, रिटार्ड", म्हणजे हँडल मागे घ्या. बरेच जण याला हुकूम समजतात, पण ती नुसती आठवण आहे. ऑटोथ्रस्ट, म्हणजे जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा, चालू असताना एअरबसची हँडलं जागची हलत नाहीत, इंजिनाचा जोर आपोआप कमीजास्त होत असतो आणि हँडल मात्र 'क्लाइंब'च्या खाचेत गप्प बसलेलं, ते हातानंच मागे आणावं लागतं.

17 जुलै 2007 ला ब्राझीलच्या साओ पावलोमध्ये, काँगोन्यास विमानतळावर, टाम कंपनीचं ए 320 पावसात उतरलं. रनवे जेमतेम 1,940 मीटरचा. डावं हँडल मागे आलं, उजवं त्या खाचेतच राहिलं. त्या बाजूचं इंजिन पुढे ढकलत राहिलं, पंखावरचे स्पॉयलर, म्हणजे टेकल्यावर विमानाला रनवेवर दाबून धरणाऱ्या फळ्या, उघडलेच नाहीत कारण सिस्टिमला दोन्ही हँडलं मागे हवी होती, आणि विमान रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीत घुसलं. 199 माणसं गेली. इथे हात हळू चालला की झटकन, यानं काय फरक पडला असता सांगा!

उलटा प्रकार 25 फेब्रुवारी 2009 ला ॲमस्टरडॅमला झाला. टर्किश एअरलाइन्सचं बोइंग 737 अजून दोनेक हजार फुटांवर होतं, पण उंची मोजणारं एक यंत्र उणे 8 फूट दाखवायला लागलं, ऑटोथ्रॉटलला (बोइंगमधली तशीच यंत्रणा) वाटलं आपण पोचलोच, त्यानं पॉवर आयडलला नेली. बोइंगची हँडलं हलताना दिसतात, तरी कुणाला खटकलं नाही, कारण विमान तेव्हा उंच होतं, वेगही जास्त होता, दोन्ही कमीच करायचं होतं. वेग हवा त्याच्या खाली गेला तरी पॉवर परत आली नाही, आणि लक्षात येईपर्यंत उंची उरली नव्हती. 9 जण गेले.

एक राहिलंच. चाकं टेकल्यावर जो मोठा घरघराट ऐकू येतो तो रिव्हर्सचा, म्हणजे इंजिनाचा जोर पुढे वळवून विमान थांबवायचा. टेकल्यानंतरही काही बिनसलं तर पायलट परत उडू शकतो, पण एकदा का रिव्हर्स ओढला की तो विचार सोडायचा, मग काहीही होवो, समोर जेवढा रनवे उरलाय त्यातच थांबायचं.