इथे दुपार झाली पाहिजे

श्रोतेहो, नमस्कार.

आज जे सांगणार आहे ती खरं तर डोळ्यांनी बघायची गोष्ट आहे. रेडिओवर ती सांगायची म्हणजे थोडं काम तुम्हालाही पडेल. एक खोली डोळ्यांसमोर आणा. खोलीत पियानो, पियानोशी बसलेला दाढीवाला, चष्मा लावलेला एक माणूस आणि त्याच्या जवळ एक तरुण दिग्दर्शक. पियानोवाला चार-सहा सूर वाजवतो, थांबतो, तेच सूर जरा वेगळ्या वळणानं वाजवतो. आपण दिग्दर्शकाचा चेहरा बघत राहायचं. आधी त्यावर काहीच नसतं. मग भुवया किंचित वर जातात आणि आपल्याला कळतं की या माणसाला त्याचा स्वतःचा सिनेमा आत्ता पहिल्यांदा ऐकू आला.

पियानोवर आहेत संगीतकार जॉन विल्यम्स, जवळ आहे स्टीव्हन स्पिलबर्ग, आणि सिनेमा परग्रहावरच्या पाहुण्याचा, १९८२ चा 'ई.टी.'. विल्यम्सवर २०२४ मध्ये एक माहितीपट आला. त्यात स्पिलबर्गनं स्वतःच्या हौशी ८ मिलिमीटर कॅमेऱ्यानं रेकॉर्डिंगच्या वेळी टिपलेले तुकडेही आहेत. जगभर नाव झालेला दिग्दर्शक आपल्या संगीतकाराचं काम एखाद्या भाच्यानं मामाच्या लग्नात कॅमेरा फिरवावा तसा टिपतोय, हे बघून मला भरून आलं.

मी इंदूरच्या हौशी मराठी नाटकांत तीस वर्षं पेटी वाजवली. रामबागेतल्या तालमी, गणेशोत्सवातले प्रयोग, कधी देवास, कधी उज्जैन. नाटकाचं पार्श्वसंगीतही बहुतेक वेळा माझ्याच गळ्यात पडायचं. म्हणून दिग्दर्शक आणि संगीतकार यांच्यातलं बोलणं कुठे चित्रित झालेलं मिळालं, की मी सगळी कामं बाजूला ठेवून ते बघतो. निवृत्तीनंतर तर रोज रात्री बघतो.

'ई.टी.'च्या शेवटाचीच हकिकत घ्या. सायकलींचा पाठलाग, मग निरोप, असा सलग पंधरा मिनिटांच्या आसपासचा भाग आहे. समोर पडद्यावर चित्र चालू आणि त्याच्याकडे बघत विल्यम्स वाद्यवृंद चालवतायत. इथे सायकल उडाली, इथे पोलीस आले, इथे मुलानं मिठी मारली, प्रत्येक जागा सेकंदाच्या आत गाठायची. गाठली तर जात होती, पण संगीताचा श्वास तुटत होता. दोन-तीनदा झालं, मनासारखं होईना. तेव्हा स्पिलबर्गनं पडद्यावरचं चित्र बंद करायला सांगितलं. मैफलीत वाजवता तसं वाजवा, चित्राचं मी बघतो, असा त्याचा रोख. विल्यम्सनी मोकळेपणानं वाजवून घेतलं आणि नंतर स्पिलबर्गनं त्या संगीताच्या मापानं आपलं संकलन पुन्हा केलं.

आपण गाण्यातले लोक आहोत. ठेका कुणी धरायचा आणि त्यावर कुणी चालायचं, याचं मोल आपल्याला कळतं. तयार झालेला सिनेमा दुसऱ्याच्या लयीसाठी पुन्हा कापायचा, याला फार मोठं मन लागतं. ही समज एका दिवसात आलेली नव्हती. १९७५ च्या 'जॉज'च्या वेळी विल्यम्सनी त्याला पियानोवर शार्कचे ते दोन सूर वाजवून दाखवले, तेव्हा हा गृहस्थ हसला होता. त्याला वाटलं थट्टा चाललीय. आज त्या दोन सुरांवर जग घाबरतं.

आता मला जे मनापासून सांगायचं आहे ते सांगतो. या सगळ्या चित्रीकरणांत माझं लक्ष जातं ते बोलण्याकडे. बहुतेक दिग्दर्शकांना सुरांची भाषा येत नाही. कोमल गांधार कुठे लागतो हे त्याला ठाऊक नसतं आणि ठाऊक असायची गरजही नाही. तो आपल्या भाषेत मागतो. म्हणतो, इथे थंडी वाजली पाहिजे. इथे तिला घर आठवलं पाहिजे. इथे जरा ओलं हवंय. संगीतकार ते ऐकतो आणि मनातल्या मनात त्याचे सूर करतो. आपल्या सिनेमावाल्यांत या बैठकीला 'सिटिंग' म्हणतात. दिग्दर्शक सिच्युएशन सांगतो, पेटी पुढे ओढली जाते, कुणीतरी मांडीवर ठेका धरतं आणि अर्थ नसलेल्या शब्दांवर चाल गुणगुणली जाते. सगळं घडतं ते त्या पहिल्या अर्ध्या तासात.

माझा एक अनुभव सांगतो. १९८९ साल असेल. एक कौटुंबिक नाटक बसत होतं. दुसऱ्या अंकात आई एकटी आहे, ती जुनी लोखंडी ट्रंक उघडते, एवढाच प्रसंग. संवाद नाही. आमचे दिग्दर्शक वयानं मोठे, आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. ते मला म्हणाले, "इथे दुपार झाली पाहिजे."

मी म्हटलं, सोपं आहे. भीमपलासी सुरू केला. काका मान हलवून म्हणाले, "हे गाणं झालं. मला दुपार हवी." मग सारंग लावून बघितला, कारण तोही दुपारचा. "नाही रे." मग बासरीवाल्याला बोलावलं, त्यानं लांब लांब स्वर धरले. काका म्हणाले, "ही गावाकडची दुपार झाली. मला घरातली हवी, जेवणं होऊन भांडी घासून झाल्यानंतरची." दोन संध्याकाळी यात गेल्या. मला राग आला होता. वाटत होतं, यांना रागदारीतलं काही कळत नाही आणि मला उगाच राबवतायत. तिसऱ्या दिवशी कंटाळून मी भाता ओढत नुसता खर्जातला एक सूर धरून बसलो होतो, तोही इतका हळू की सुरापेक्षा भात्याचा श्वासच जास्त ऐकू यावा. काका विंगेतून पुढे आले. "थांब. हेच. झाली दुपार."

माझ्या डोक्यात दुपार म्हणजे राग होता, त्यांच्या डोक्यात ती घरातली सामसूम होती. मधलं अंतर चालून जायला तीन दिवस लागले.

सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'चं संगीत रविशंकर यांनी एका रात्रीच्या बैठकीत, सुमारे ११ तासांत केलं, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. रविशंकरांना वेळ नव्हता, सिनेमा पुरा झालेला नव्हता, त्यामुळे काही जागा भरायच्या राहिल्या आणि मिठाईवाल्याच्या मागे मुलं धावतात त्या प्रसंगासाठी कॅमेरामन सुब्रत मित्र यांनीच सतार वाजवली. पण त्या सिनेमातली मला पुन्हा पुन्हा छळणारी जागा वेगळी आहे. घरातली मुलगी, दुर्गा, गेलेली आहे. बाप बऱ्याच दिवसांनी घरी येतो, त्याला काही माहीत नाही. तो मुलीसाठी आणलेली साडी काढून दाखवतो आणि आई कोसळते. तिचं तोंड रडण्यासाठी उघडतं, पण तिचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. तिथे तारशहनाई येते, तार सप्तकातला पटदीप. तारशहनाई म्हणजे कर्णा जोडलेला इसराज, गजानं वाजवायचं तंतुवाद्य; इथे ती दक्षिणामोहन ठाकूर यांनी वाजवली. एका आईचा हंबरडा काढून घ्यायचा आणि त्या जागी वाद्य ठेवायचं. हे धाडस दिग्दर्शकाचं, आणि ते पेललं संगीतानं. पुढे १९६१ च्या 'तीन कन्या'पासून राय आपल्या सिनेमांचं संगीत स्वतःच करू लागले. त्यांचं ते संगीत मला आवडतं, तरी दोन माणसांत जी ओढाताण असते तिची मला त्यात उणीव भासते. हे माझं मत, पटायलाच हवं असं नाही.

ओढाताण प्रत्येक वेळी गोड होत नाही, हेही खरं. दिग्दर्शक हिचकॉकला 'सायको'मधल्या न्हाणीघरातल्या खुनाच्या प्रसंगाला संगीत नकोच होतं. संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी ऐकलं नाही, फक्त तंतुवाद्यांचे ते ओरखडे लिहून त्याला ऐकवले, आणि हिचकॉकनं आपला शब्द मागे घेतला. ते १९६० मध्ये. सहा वर्षांनी 'टॉर्न कर्टन'च्या रेकॉर्डिंगला हिचकॉकनं संगीत ऐकून काम थांबवलं आणि त्या दोघांनी पुन्हा एकत्र काम केलं नाही. दिग्दर्शक कुब्रिकनं तर '२००१: अ स्पेस ओडिसी' या सिनेमासाठी अलेक्स नॉर्थ यांनी लिहिलेलं सगळं संगीत बाजूला ठेवून संकलनाच्या वेळी तात्पुरत्या लावलेल्या जुन्या रचनाच कायम केल्या. नॉर्थना ते कळलं सिनेमा पहिल्यांदा दाखवला गेला तेव्हा. प्रेक्षागृहात बसून ज्याला ते समजलं असेल, त्या माणसाच्या पोटात काय झालं असेल!

या तात्पुरत्या संगीताला तिकडे टेम्प ट्रॅक म्हणतात, आता मुंबईतही तोच शब्द चालतो. दिग्दर्शकाचे कान महिनोन्‌महिने त्याला सरावतात आणि मग संगीतकाराकडे मागणी येते, असंच काहीतरी दे. नव्या मुलांना याचा फार जाच होतो. ख्रिस्तोफर नोलननं 'इंटरस्टेलर'च्या वेळी काढलेली वाट मला म्हणून सुंदर वाटते. त्यानं संगीतकार हान्स झिमरला सिनेमाची गोष्ट सांगितलीच नाही. टाइप केलेलं एक पान दिलं, त्यात अवकाशाचा उल्लेख नव्हता, फक्त बाप आणि मूल. झिमरनं दिवसभरात एक छोटी रचना केली आणि नोलनला ऐकवली. नंतर त्याला कळलं की सिनेमा ग्रहताऱ्यांचा आहे. पुढे लंडनच्या टेंपल चर्चमधल्या ऑर्गनवर हेच संगीत मोठं झालं. त्याचं चित्रीकरण मिळालं तर जरूर बघा. ऑर्गनही शेवटी हवेवरच चालतो, आमच्या पेटीसारखा.

आपल्याकडेही आता कॅमेरा आत जाऊ लागलाय. २०१६ च्या 'सैराट'साठी अजय-अतुल लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर गेले, जिथे १९३९ च्या 'विझर्ड ऑफ ऑझ'चं संगीत झालं होतं. ते चित्रीकरण आमच्या घरी सगळ्यांनी मिळून बघितलं. हेडफोन लावलेले परदेशी वादक, पुढे नोटेशनचे कागद, आणि त्यांच्या व्हायोलिनमधून आपल्या मातीतली चाल. नातू तर खुर्चीवर उभा राहिला. पण एक सांगतो. जाहिरातीसाठी केलेले बरेचसे मेकिंग व्हिडिओ मला कोरडे वाटतात. सगळे एकमेकांना छान म्हणतात, हसतात, संपलं. जिथे कुणीतरी 'नाही' म्हणतं आणि कॅमेरा तरीही चालू राहतो, तो तुकडा लाखाचा.

इंदूरात बसून हे बोलताना लताबाईंचं नाव घेतल्याशिवाय पुढे कसं जाऊ? २८ सप्टेंबर १९२९ ला इथेच, शीख मोहल्ल्यात त्यांचा जन्म झाला. इथल्या जवळच्या पिगडंबरला त्यांच्या आणि मास्टर दीनानाथांच्या नावानं ग्रामोफोन रेकॉर्डचं संग्रहालय आहे, मी पाहुण्यांना आवर्जून तिथे नेतो. गायिका म्हणून त्या सगळ्यांच्याच. पण भालजी पेंढारकरांच्या मराठी सिनेमांना 'आनंदघन' या नावानं संगीत देणाऱ्याही त्याच. १९६५ चा 'साधी माणसं' आठवा. 'ऐरणीच्या देवा तुला' या गाण्यात भाता आहे, घण आहे, लोहाराचं घर आहे. तो घणाचा ठोका गाण्यात कसा ठेवायचा यावर भालजी आणि लताबाई यांच्यात काय बोलणं झालं असेल? भालजींनी काय मागितलं असेल, कोणत्या शब्दांत? कोल्हापूरच्या जयप्रभा स्टुडिओतली ती पाच मिनिटं मला बघायला मिळाली असती, तर मी त्यासाठी काय वाटेल ते दिलं असतं.

म्हणून तुमच्यापैकी जे आज नाटक बसवतात, एकांकिका करतात, मुलांच्या स्नेहसंमेलनाला चाल लावतात, त्यांना माझी विनंती आहे. प्रयोगाचं चित्रीकरण तर करताच. तालमीत, चाल सापडत नसते तेव्हाही फोन कोपऱ्यात टेकवून चालू ठेवा. आणि नंतर ते पुसू नका.

आमच्या त्या नाटकाचे सात प्रयोग झाले. एकाचंही चित्रीकरण नाही. ज्यांच्याकडे प्रयोगाच्या ध्वनिफिती ठेवल्या होत्या, त्यांच्या घरी त्या पावसात भिजल्या. काका जाऊन आता पंधरा वर्षं झाली. गेल्या दिवाळीत माळा साफ करताना मात्र मला एक कॅसेट मिळाली. नाटकातल्या ताईचं काम करणाऱ्या मुलीनं आपले संवाद पाठ करण्यासाठी तालमीत टेप चालू ठेवला होता आणि कॅसेट माझ्या पेटीच्या खोक्यात राहून गेली होती. बाहेरून स्कूटर जाते, कुणीतरी चहाचे ग्लास ठेवतं, माझा भाता चालू आहे आणि मग काकांचा आवाज येतो. चाळीस सेकंदांचा तुकडा आहे. इथल्या मंडळींनी तो जमेल तितका साफ करून दिलाय, खरखर थोडी राहिली आहे.

तो आता लावतोय. ऐका.