तेरा नंबरची शेवेल, व्हर्नियरच्या जबड्यात

[दृश्य: टेबलावर काळी-सोनेरी मॉडेल गाडी. व्हर्नियर कॅलिपरचं एक टोक पुढच्या चाकाच्या मध्यावर, दुसरं मागच्या.]

116.8 मिलिमीटर. याला 25 ने गुणा, आले 2,920. खऱ्या 1967 च्या शेव्हरोले शेवेल गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर, 115 इंच, म्हणजे 2,921 मिलिमीटर. खोक्यावर 1:25 (खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याचं माप) लिहिलंय ते खरं आहे. 1:24 असती तर आकडा 121.7 आला असता. दोन्ही मापांच्या गाड्या एका फळीवर ठेवल्या, की धाकटी उगाच खुजी दिसते. म्हणून एकच माप धरून चाला.

मापावरून आठवलं. फ्लोरिडात, डेटोना बीचला शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या हेन्री ‘स्मोकी’ युनिकचं गॅरेज होतं. (नावच युनिक!) त्याची 13 नंबरची शेवेल अशी पळायची, की पिटमध्ये, म्हणजे शर्यतीत गाड्यांची देखभाल होते तिथे, बोभाटा झाला: यानं अख्खी गाडीच सात-अष्टमांश मापाची बांधलीय. तसं असतं तर आपल्या कॅलिपरवर 102 दिसले असते.

[दृश्य: मॉडेल बाजूनं, नजरेच्या पातळीवर. कॅमेरा छताच्या कडेवरून सरकतो.]

1967 मध्ये कर्टिस टर्नरनं या शेवेलमध्ये ताशी 180.831 मैलांनी डेटोना 500 या शर्यतीची पोल, म्हणजे सुरुवातीची सर्वांत पुढची जागा, घेतली. शर्यतीत इंजिन गेलं, आणि त्याच वर्षी अटलांटाच्या सरावात गाडीचा चुराडा झाला. खरी करामत होती ती बॉडीत. छत खाली घेतलेलं, खिडक्या त्याप्रमाणे बदललेल्या, आणि बॉडी रस्त्याजवळ बसावी म्हणून फ्लोअर वर उचललेला. पुढे नॅसकारनं (या शर्यती भरवणाऱ्या अमेरिकी संस्थेनं) छत, बॉनेट आणि डिकीला साचे लावून तपासणी सुरू केली.

म्हणूनच, दुकानातली साधी शेवेल काळी रंगवून 13 चिकटवला की ती स्मोकीची होत नाही. स्मोकीनंच ट्रान्स-ॲम या शर्यत-मालिकेसाठी बांधलेल्या 1968 च्या कॅमेरोचं मॉडेल घेताना तर जास्तच डोळे उघडे ठेवा. तिची पुढची काच मागे कललेली हवी, नाक खाली झुकलेलं, चारही मडगार्डं रुंद. छताच्या कडेची पन्हळही त्यानं बॉडीच्या जवळ ओढली होती. मॉडेलमध्ये ही पन्हळ जाड, उठून दिसणारी असेल, तर साच्यातून निघालेली साधीच कॅमेरो तुम्हाला विकली जातेय.

किटवर (सुटे भाग जोडून बनवायच्या मॉडेलवर) स्वतः काम करायचं असेल, तर 1:25 मध्ये हिशेब सोपा: एक इंच म्हणजे जवळजवळ एक मिलिमीटर. फ्लोअर ज्या खुंटांवर टेकतो ते एका वेळी अर्धा मिलिमीटर तासा, आणि दर वेळी चाकं लावून बघा. घाईत एकदम तीन मिलिमीटर उडवले की टायर मडगार्डला घासतात, रोलकेज (चालकाभोवतीचा नळ्यांचा पिंजरा) छताला टेकतो. रोलकेज कापायचाच झाला तर पायाकडून कापा. वरून कापलात तर सांधा काचेतून दिसतो.

[दृश्य: मास्किंग टेप सावकाश निघतो. खाली सोनेरी आणि काळ्याची रेघ.]

रंगात आधी सोनेरी, मग काळा. काळा सोनेरीला एका हातात झाकतो, सोनेरीला काळ्यावर तीन-तीन हात लागतात आणि कड जाड होते. पण मेटॅलिक सोनेरीची भुकटी टेपबरोबर निघून येते. त्यावर क्लिअरचे (पारदर्शक वार्निशचे) दोन पातळ हात द्या आणि 48 तास थांबा. मग टेप लावा, आणि काळ्याआधी टेपच्या कडेवर पुन्हा क्लिअरचा हलका फवारा मारा, म्हणजे जे काही आत झिरपेल ते क्लिअर असेल. क्लिअर जाड झाला तर मात्र सोनेरी रंग मंद, मोहरीच्या चटणीसारखा पिवळट दिसतो.

जुन्या किटमधलं डिकल (पाण्यात भिजवून गाडीवर चिकटवायचे छापील आकडे-अक्षरं) थेट पाण्यात टाकू नका. कोपऱ्यातलं नको असलेलं अक्षर आधी बुडवून बघा. तडकलं, तर पूर्ण कागदावर क्लिअर मारा, वाळू द्या. आता प्रत्येक आकडा वेगळा कापावा लागेल, कारण क्लिअरनं सगळे एका पापुद्र्यात जोडले जातात.

[दृश्य: चिमट्यात धरलेली सोल्डरची तार.]

आता ती प्रसिद्ध इंधननळी. टाकी किती मोठी असावी याचा नियम होता, नळीचा नव्हता. गोष्ट अशी सांगतात, की स्मोकीनं दोन इंच व्यासाची 11 फूट नळी गुंडाळून बसवली आणि 5 गॅलन जास्तीचं पेट्रोल नेलं. मॉडेलमध्ये ही 2 मिलिमीटर जाडीची, 134 मिलिमीटर लांब सोल्डरची तार, व्हीलबेसपेक्षाही लांब. पण गणित करा: एवढ्या नळीत जेमतेम 1.8 गॅलन मावतं, सात लिटरही नाही. 5 गॅलनला साडेतीस फूट लागतील. तारेत मोजलं तर 373 मिलिमीटर.

कुठली गुंडाळायची ते ठरवा, आणि मगच डिकीचं झाकण चिकटवा.