मागे ट्रेलर असेल तर टर्बो केवढा हवा

मंडळी, इथे बसलेल्यांपैकी बरेच जण पुण्याहून इंडियानात आलेत, डिझेल इंजिनावरच पोट आहे आपलं, तरी स्वतःच्या पिकअपला टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, घ्यायची वेळ आली की आपणही हॉर्सपॉवरचा सगळ्यात मोठा आकडा बघूनच घेतो. मी तेच केलं होतं, म्हणून आधी ते सांगतो.

माझ्याकडे १९९७ ची डॉज रॅम आहे, ५.९ लिटरचं बारा व्हॉल्व्हचं कमिन्स, म्हणजे आपल्याकडे टाटाच्या ट्रकांमध्ये जे ५.९ यायचं त्याच घराण्यातलं. त्यावर ओरिजिनल होलसेट एचएक्स ३५ होता, कॉम्प्रेसर व्हीलचं, म्हणजे हवा आत ओढणाऱ्या पंख्याचं, तोंड ५४ मिलिमीटर. मी तो काढून ६६ चा बसवला आणि टर्बाइनची हाउसिंगही, म्हणजे एक्झॉस्टवर फिरणाऱ्या पंख्याभोवतीचं कवचही, मोठी घेतली. रिकामी गाडी काय पळायची! मग मागे चार टनांचा कॅम्पर लावला आणि निघालो कोलोरॅडोला. तिथे आय-७० वर सिल्व्हरथॉर्नपासून आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत चढ आहे, साधारण तेरा किलोमीटर, सात टक्क्यांपर्यंतचा, आणि बोगदा ३,४०१ मीटरवर. खंडाळ्याच्या घाटात लोडेड ट्रक कसे दम टाकत चढतात ते आपण लहानपणापासून बघितलंय, पण तिथे निदान हवा तरी पुरेशी असते.

तर मी चौथ्या गिअरला, १,७०० आरपीएम, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बूस्टचा, म्हणजे टर्बो किती जादा दाबाने हवा भरतोय त्याचा, काटा १२ पीएसआयवर अडकून बसलेला, आरशात मागे काळा धूर, आणि एक्झॉस्टच्या तापमानाचा काटा १,२५० फॅरनहाइट ओलांडून १,४०० ला टेकलेला. बायको शेजारी बसून तोच काटा बघत होती, म्हणाली अरे, हा खाली का येत नाहीये? मी पाय उचलला, तिसरा टाकला, आरपीएम २,३०० वर नेले, तेव्हा कुठे टर्बो जागा झाला, बूस्ट २५ वर गेला आणि दोन मिनिटांत तापमान १,२०० च्या खाली आलं. बोगद्यापर्यंत ताशी ३५ मैलांनी गेलो. ॲल्युमिनियम ६६० डिग्री सेल्सियसला वितळतं, आणि १,४०० फॅरनहाइट म्हणजे ७६०. पिस्टन टिकतो तो खालून ऑइलचा फवारा बसतो आणि दर वेळी ताजी हवा आत येते म्हणून, पण अख्खा घाट तसाच चढलो असतो तर काय झालं असतं याचा विचार मी आजही करतो.

आता हे झालं कशामुळे? साधा हिशोब आहे बघा. चार स्ट्रोकचं ५.९ लिटरचं इंजिन बूस्ट नसताना १,८०० आरपीएमला मिनिटाला साधारण ५,३०० लिटर हवा ओढतं, ३,००० ला ८,८५०. मोठा टर्बो या दुसऱ्या आकड्यासाठी असतो, आणि ट्रेलर लावलेली गाडी दिवसभर पहिल्या आकड्यावर चालते. कमी आरपीएमला एक्झॉस्ट कमी, म्हणून जड व्हील फिरत नाही, व्हील फिरत नाही म्हणून हवा नाही, आणि डिझेल तर आपण पायाने ओततोच आहोत, मग धूर आणि उष्णता दुसरं काय देणार. मला विचाराल तर ओढायच्या गाडीला १,५००-१,६०० आरपीएमला भरपूर बूस्ट पाहिजेच, वर पन्नास हॉर्सपॉवर कमी मिळाले तरी चालतील.

मग अगदी छोटीच हाउसिंग लावायची का? तर तसंही नाही. एचएक्स ३५ ला १२ चौरस सेंटिमीटरची हाउसिंग लावली की पटकन उठतो, पण लांब चढावर टर्बोच्या आधीचं एक्झॉस्टचं प्रेशर बूस्टच्या दुप्पट व्हायला लागलं तर इंजिन स्वतःचाच श्वास कोंडून घेतंय असं समजा. दोन्ही प्रेशर जवळपास सारखी राहिली तर उत्तम. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनातून टर्बोकडे जाणाऱ्या एक्झॉस्टच्या नळीला, एक टॅप मारून गेज लावा, फार खर्च नाही त्याला. आणि तापमानाचा प्रोब टर्बोच्या आधीच लावा हो, टर्बोनंतर लावला तर लोडवर दोनशे-तीनशे डिग्री कमी दिसतं आणि आपण निवांत बसून राहतो.

उंचीचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो लक्षातच घेतला जात नाही. समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ पीएसआय, त्यावर ३० चा बूस्ट म्हणजे टर्बो हवा तिप्पट दाबतोय. बोगद्यापाशी दाब दहाच्याही खाली, तिथे गेजवर तेच ३० दिसायला टर्बोला चौपटीहून जास्त दाबावं लागतं, म्हणजे व्हील मर्यादेबाहेर फिरतं, हवा भयंकर तापते आणि शाफ्ट-बेअरिंगचं आयुष्य संपतं. गेजवरचा काटा मात्र रोजच्याच जागी! म्हणून जे दरवर्षी डोंगरात सहा-सात टन ओढतात त्यांना मी कंपाउंड सांगतो, एक मोठा आणि एक छोटा टर्बो एकामागे एक. मोठ्याने दुप्पट, छोट्याने परत दुप्पट, झाले चारपट आणि दोघंही आरामात. खालून छोटा लगेच उठतो. पैसे मात्र खूप जातात आणि बॉनेटखाली हात घालायला जागा उरत नाही.

चार टनांसाठी एवढं कशाला? मी शेवटी २००४ ते २००७ च्या रॅमवर यायचा तो एचई ३५१ बसवला, वेस्टगेट, म्हणजे जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप, नीट सेट केला, आणि परत त्याच चढावर गेलो, चौथ्यातच, काटा १,२०० च्या आसपास.

मागे बसलेल्या ताईंनी विचारलंय की त्यांची २०१० ची ६.७ लिटर कमिन्सची रॅम आहे, तिचा व्हेरिएबल टर्बो, म्हणजे आतली रिंग सरकवून एक्झॉस्टची वाट लहान-मोठी करणारा, काढून साधा लावावा का. ताई, नका काढू. एक तर एमिशनच्या कायद्यात अडकाल, आणि दुसरं म्हणजे तुमचा एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे एक्झॉस्ट कोंडून गाडी हळू करणारा ब्रेक, त्या टर्बोतच आहे, चार टन मागे घेऊन उतारावर तो नसेल तर सगळा भार ब्रेक पॅडवर येतो. तो ब्रेक रोज वापरा, त्याने आतली सरकणारी रिंग काजळीने जाम व्हायची शक्यता कमी होते. आणि पॉवर कमी झाली म्हणताय ना, तर आधी इंटरकूलरचे, म्हणजे टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या रेडिएटरचे, होज आणि क्लॅम्प बघा, पाइपात थोडी हवा भरून साबणाचं पाणी मारा, बुडबुडे आले तर तिथेच लीक आहे, क्लॅम्प बदलायला अर्धा तास लागतो.