दीडशे लिटर पाणी आणि हिमनदीचा रस्ता

नमस्कार श्रोतेहो.

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात लेक लुईसपासून जॅस्पर गावापर्यंत रॉकी पर्वतातून एक रस्ता जातो. आइसफील्ड्स पार्कवे त्याचं नाव. लांबी २३२ किलोमीटर, म्हणजे आपल्या सोलापूर-पुणे अंतरापेक्षा थोडी कमीच. पुण्याला आपण भिगवणला चहा घेऊन चार-पाच तासांत पोचतो. या रस्त्याला मात्र निदान तीन दिवस द्यावेत, आणि तेही राहत्या गाडीतून, असं माझं ठाम मत आहे. शाळेपासूनच्या आम्ही मैत्रिणी तसं करून आलो, म्हणून आज तुमच्याशी बोलते आहे.

ही गाडी म्हणजे मोटरहोम. लांबी पंचवीसेक फूट. आत झोपायला पलंग, गॅसची शेगडी, फ्रिज, लहानसं न्हाणीघर. चालवायला आपला परवाना आणि जोडीला आंतरराष्ट्रीय परवाना घ्यावा. आमच्यातली एक कॅलगरीला स्थायिक आहे, स्टिअरिंग तिच्याकडेच होतं. पण तिने पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलं, की गाडी चालू असताना कुणी उठायचं नाही, पट्टा सोडायचा नाही, चहासुद्धा गाडी थांबल्यावरच. निघण्याआधी कपाटांच्या कड्या लावायच्या, गॅस बंद करायचा, छपरावरची खिडकी मिटायची. ही कामं वाटून घेतली की रोज सकाळची धांदल उरत नाही.

पाण्याचं सांगते. गाडीच्या टाकीत साधारण दीडशे लिटर पाणी मावतं. त्यातच स्वयंपाक, भांडी, अंघोळ. वापरलेलं पाणी दुसऱ्या टाकीत जमतं, संडासाचं तिसऱ्या टाकीत, आणि ती ठरलेल्या जागीच, जाड पाइप लावून, हातमोजे घालून रिकामी करायची. तिकडचे लोक पहिल्या दोन दिवसांत टाकी संपवून बसतात असं ऐकलं होतं. आम्हाला त्याची धास्ती वाटली नाही. नळाला रोज पाणी येत नाही अशा शहरात आमची हयात गेली. तांब्याभर पाण्यात काय काय होतं हे सोलापूरच्या बाईला शिकवावं लागत नाही. शेंगा चटणी आणि कडक भाकरी बरोबर होतीच, त्यामुळे भांडी निम्मी झाली.

चटणीवरून आठवलं. तिथे रात्री बाहेरच्या टेबलावर काहीही ठेवायचं नाही. डबा नाही, रिकामा कप नाही, साबणसुद्धा नाही. काळी अस्वलं आणि ग्रिझली वासाने येतात, आणि माणसाच्या खाण्याची चटक लागलेल्या अस्वलाला बऱ्याचदा मारावं लागतं. आपला निष्काळजीपणा त्या जनावराच्या जिवावर बेततो. हा नियम मनापासून पाळावा.

वाटेत बो खिंडीपाशी, दोन हजार मीटरवर, पेटो सरोवर दिसतं. फिरोजी रंगाचं पाणी फोटोत खोटं वाटतं, पण तो रंग खराच असतो. हिमनदी सरकताना खालचा खडक दळते. त्याचं पीठ इतकं बारीक, की ते तळाशी न बसता पाण्यात तरंगत राहतं आणि उजेडातला निळा-हिरवा भाग परत फेकतं. जूनच्या सुरुवातीला गेलात तर सरोवर गोठलेलं असण्याचीच शक्यता जास्त. रंग भरतो तो जुलै-ऑगस्टमध्ये.

आणि मग अथाबास्का हिमनदी. कोलंबिया हिमक्षेत्रातून उतरणारा तिचा बर्फ रस्त्यावरूनच दिसतो. तिच्या टोकाकडे चालत जायची वाट आहे, आणि वाटेवर सालांच्या पाट्या आहेत. त्या त्या वर्षी बर्फ कुठवर होता, ते दाखवणाऱ्या. १९८२च्या पाटीपाशी आम्ही थांबलो. त्या वर्षी आम्ही सातवीत होतो. पुढे १९९२ची पाटी आली, तीही मागे पडली, तरी बर्फ लांबच. सव्वाशे वर्षांत ही हिमनदी दीड किलोमीटरहून जास्त मागे सरली आहे आणि तिचा निम्म्याहून अधिक बर्फ गेला आहे. आमच्यातलं कुणीच बराच वेळ बोललं नाही.

उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे वापरायचं पाणी संपून मृत साठ्यावर आली, की आपल्या पोटात गोळा येतो. ११७ टीएमसीचं धरण, त्यातला निम्म्याहून जास्त साठा मृत. तरी पुण्याच्या घाटमाथ्यावर पाऊस झाला की भीमा वाहते आणि धरण पुन्हा वर येतं. हिमनदीचाही असाच जमा-खर्च असतो. हिवाळ्यात पडलेला बर्फ जमा, उन्हाळ्यात वितळलेला खर्च. ती कित्येक वर्षं मायनसमध्येच चालली आहे, आणि एखाद्या चांगल्या हिवाळ्याने ती तूट भरून निघत नाही. या हिमक्षेत्रावरच्या स्नो डोम शिखराचं पाणी तीन दिशांना जातं: पॅसिफिकला, आर्क्टिकला आणि हडसन उपसागराला. त्यातल्या नॉर्थ सॅस्कॅचवान नदीवर एडमंटन शहर पाणी पितं. हे नुसतं देखणं दृश्य नाही, कुणाच्या तरी नळाचं पाणी आहे, हे मला तिथे उभं राहून कळलं. बर्फावर मात्र वाटाड्याशिवाय पाऊल टाकू नका. भेगा ताज्या बर्फाने झाकलेल्या असतात, आणि त्यात माणसं गेली आहेत.

जॅस्परबद्दल दोन शब्द. जुलै २०२४च्या वणव्यात या गावातल्या सुमारे एक तृतीयांश इमारती जळाल्या. गाव पुन्हा उभं राहतं आहे. तिथे मुक्काम करा, तिथल्या दुकानांतून सामान घ्या. निघण्याआधी वणव्याची आणि बंद रस्त्यांची खबर रोज बघा, कारण वाटेत बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नाही, आणि मधल्या टप्प्यात इंधन मिळण्याचं ठिकाण एकच, सॅस्कॅचवान क्रॉसिंग. गाडी शंभर किलोमीटरला वीस-पंचवीस लिटर पेट्रोल पिते, तेव्हा टाकी भरूनच निघा.

मुक्कामाच्या जागांचं आरक्षण हिवाळ्यातच सुरू होतं आणि चांगल्या जागा लगेच जातात. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा उरकेपर्यंत तुमच्या तारखा पक्क्या झालेल्या हव्यात. व्हिसालाही वेळ लागतो. दिवाळीच्या फराळाला मैत्रिणी जमतील, तेव्हाच विषय काढा.

नमस्कार.