पावात पाय कुठून आला?

नमस्कार मंडळी, पुण्यातून बोलतेय. मिसळ आली, कुणी स्लाइस मागितले कुणी पाव, की टेबलावरचं एकजण हमखास सांगतं की बेकरीत पीठ पायाने तुडवतात म्हणून त्याला पाव म्हणतात. कुठे कुणी कधी कसं मळलं ते सोडा, पण नाव त्यावरून पडलेलं नाही हे नक्की, आणि पहाटेपासून भट्टीपाशी राबणाऱ्या माणसाच्या कामाला या गोष्टीने उगाच डाग लागतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

हा पाव पोर्तुगीजांचा. १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला, त्यांच्या भाषेत ब्रेडला पांव, शेवट नाकातून, मूळ लॅटिन पानिस. गोव्यात पाववाल्याला आजही पोदेर म्हणतात, तो शब्दही त्यांचाच, आणि पीठ फुगवायला तिथे माडाची सूर, म्हणजे माडी, वापरायचे. हेच पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानला पोचले म्हणून जपानीतही ब्रेडला पान म्हणतात आणि तिथून कोरियनमध्ये जाऊन त्याचं प्पांग झालं. इंग्रजीतली कंपनी पण या पानिसवरूनच, एकत्र भाकरी खाणारे ते सोबती, किती छान आहे ना हे!

मग पावकिलोतला पाव? तो घरचा. संस्कृतात पाद म्हणजे पाय आणि पाद म्हणजे चौथा हिस्सासुद्धा, जनावराला पाय चार, त्यातला एक म्हणजे पाव. हिंदीतला पाँव, आपला पाय सगळे त्याच घरातले, आणि ऐकायला सारखे म्हणूनच ती तुडवायची गोष्ट इतकी पटते. मला यात सगळ्यात आवडतं ते पाऊण, पाद अधिक ऊन, म्हणजे पाव कमी, आणि सव्वा म्हणजे सपाद, पावासकट, म्हणजे पावणेदोन वाजले असं आपण म्हणतो तेव्हा बोलता बोलता दोनातून पाव वजा करून टाकलेला असतो आणि पोरांना हे शाळेत कुणी सांगत नाही, सांगायला हवं.

देव पावला मधला पाव तिसराच, तो संस्कृत प्राप् पासून, दुकानातली पावतीही तिथलीच.

आणि वडापावातला बटाटा? तोही शब्द पोर्तुगीजच, आणि महिन्याचा पगारसुद्धा.