पुसू नये

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचं आहे घरातल्या घरात हरवलेल्या गाण्यांबद्दल. पलंगाखालच्या खोक्यात, माळ्यावरच्या ट्रंकेत पडून असलेल्या, पण काही केल्या हाताला न लागणाऱ्या कॅसेटींबद्दल. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते. कव्हर उघडून बघा. वर काय लिहिलंय ते वाचून बाजूला ठेवू नका, उघडून बघा.

कारण तुम्हाला ठाऊक आहे. एक कॅसेट संपली की घाईत दुसरी लावायची, आणि काढलेली जे कव्हर हाताशी असेल त्यात जायची. शेजारचे भजनांची कॅसेट मागून न्यायचे, ती परत यायची नाट्यगीतांच्या कव्हरात. म्हणजे वस्तू घरातच असते, फक्त तिच्या अंगावर दुसऱ्याचे कपडे असतात.

आता माझ्या आजीची गोष्ट सांगते. थोडी लांब आहे, पण सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

आजी म्हणजे आईची आई. फलटण तालुक्यात तिचं गाव. १९८४ च्या दिवाळीत मामा मुंबईहून टू-इन-वन घेऊन आला. तो गिरणीत होता, बरेच महिने पैसे साठवून घेतलेला. भाऊबीजेला आम्ही सगळे जमलो होतो, मी तेव्हा बारा वर्षांची. मामानं साठ मिनिटांची कोरी कॅसेट काढली आणि आजीला म्हणाला, "आये, ओव्या म्हण."

आजीनं आधी देव्हाऱ्यातली कुंकवाची कोयरी आणली. घरात नवी वस्तू आली की तिला कुंकू लावायचं, हा तिचा नेम. कॅसेटच्या कोऱ्या लेबलावर तिनं बोटानं ठिपका लावला. मग मामानं बटण दाबलं, आणि आजी गप्प. खूप आग्रह केला. शेवटी म्हणाली, "जात्याला हात लावल्याबिगर ओवी येतीय व्हय? पायलीभर जोंधळं आणा."

जोंधळे आणले. मामानं टू-इन-वन जात्यापाशी पोत्यावर ठेवला. आजीनं खुंटा धरला, समोरून माझ्या आईनं धरला, आणि मग अर्धा तास आजी थांबली नाही. त्यातली एक ओवी मला तेव्हापासून पाठ आहे.

एस्टी फलटणची आली, धूळ उडं गं वाटंला
लेक उतरली माझी, बाळ घेतलं काखंला

ती लेक म्हणजे माझी आई आणि काखेतलं बाळ म्हणजे मी. आजीनं ही ओवी मी तान्ही असताना बांधली होती.

(इथे एक बोलून घेते. हल्ली रस्त्याकडेच्या हॉटेलांत जाती शोभेला मांडतात, त्यात फुलझाडं लावतात. मला ते बघवत नाही. जात्याची एक तळी आणि खुंटा धरून बायकांनी आपलं सगळं आयुष्य बोलून टाकलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी महाराष्ट्रातली गावं हिंडून अशा लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्या कामापुढे मी हात जोडते. तिथे कुंडी ठेवू नका हो.)

मामानं कॅसेट आईला दिली. आजी १९८७ मध्ये गेली. पुढे कधीतरी लक्षात आलं की कॅसेट सापडत नाही. आमच्या दादाला तेव्हा रेडिओवरची गाणी उतरवून घ्यायचा नाद होता. क्रिकेटची कॉमेंट्रीसुद्धा भरून ठेवायचा. कोरी कॅसेट विकत घ्यायला पैसे नसत, मग दिसेल त्या जुन्या कॅसेटवर तो भरायचा. घरात सगळ्यांनी धरून चालवलं की ओव्यांवर कुठलीतरी मॅच भरली गेली. दादाला कोणी काही बोललं नाही, पण त्याला ते लागून राहिलं. आई २००९ मध्ये गेली. त्यानंतर मी दादाकडची दोन्ही खोकी पुन्हा पुन्हा धुंडाळली. सगळी कव्हरं वाचली. तीन वेळा वाचली.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत दादाची नात त्या खोक्याशी खेळत बसली होती. पाच वर्षांची पोर, तिला वाचता येत नव्हतं. त्यामुळे ती कव्हरं वाचत नव्हती, उघडत होती. मला म्हणाली, "आत्याआजी, हिला टिकली का लावलीय?"

कव्हर होतं 'इंग्रजी संभाषण, भाग दुसरा' असं. आमच्या घरात त्या कव्हराला कोणी कधी हात लावला नव्हता. लेबलावर विटकरी झालेला कुंकवाचा ठिपका. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोट्या खिट्ट्या असतात ना, ज्या तोडल्या की त्यावर पुन्हा भरता येत नाही, त्या दोन्ही तोडलेल्या. आणि कव्हराच्या कागदाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं, आईच्या अक्षरात, दोन शब्द. पुसू नये.

आईनं ती लपवली होती. नंतर ती स्वतःच विसरली, की दादाला वाईट वाटू नये म्हणून बोलली नाही, ते आता कोणाला विचारणार?

दादा उठला आणि कपाटातून बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला.

आता कामाचं सांगते. अशी कॅसेट मिळाली की लगेच वाजवू नका. आमच्या कॅसेटमधली नमद्याची गादी सुटून पडली होती. टेपच्या मागे पितळी पट्टीवर ती चिकटवलेली असते, टेपला हेडवर, म्हणजे यंत्रातल्या आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरते. ती नसली की आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो. दादानं पाच स्क्रूंची दुसरी कॅसेट उघडली, तिची रिळं काढली आणि आजीची रिळं तिच्यात बसवली. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये नव्वद मीटरच्या आसपास टेप असते, घाईत सुटली तर गुंता आवरत नाही. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट यंत्रात घालूच नका, आधी जाणकाराला दाखवा. नसेल तर हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा, टेप एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे फिरवा, म्हणजे चिकटलेले वेढे मोकळे होतात. आणि पहिल्यांदा वाजवतानाच कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. पहिल्यांदाच. दुसऱ्यांदा टेप टिकेल याचा भरवसा नाही.

आणखी एक. नवं काही रेकॉर्ड कराल तेव्हा आधी नाव, गाव, तारीख तोंडानं बोला. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं, तेव्हा गाण्याच्या शेवटी त्या स्वतःचं नाव सांगायच्या. लेबल निघून जातं, कव्हर बदलतं, आवाजात असलेलं नाव आवाजाबरोबर राहतं. आमच्या मामालाही हे सुचलं होतं. आपल्या कॅसेटच्या सुरुवातीला तो म्हणतो, "आज भाऊबीज, चौऱ्याऐंशी साल, गाणार आमची आई." आजी मागून म्हणते, "गाणार न्हवं, दळणार म्हण."

मग जातं सुरू होतं. घरघर इतकी मोठी की पहिल्या दोन ओव्यांचे शब्द नीट कळत नाहीत. मग घरघर हलकी होते, आजीचा आवाज वर येतो. एस्टीची ओवी येते तिथे आजीबरोबर दुसरा एक आवाज आहे, हे मी पार विसरले होते. समोरचा खुंटा धरलेली आई दुसरी ओळ तिच्याबरोबर म्हणते आहे.

नमस्कार.