शेवटचा नळ

(दृश्य: पहाट. पाण्याची टाकी, खाली बादली.)

सकाळचे सहा वाजलेत. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडचं, माणदेशातलं एक गाव. लोकवस्ती एकोणीसशेच्या आसपास. टाकीखाली ग्रामपंचायतीचा कर्मचारी बादलीत टीसीएल पावडर, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लिचिंग पावडर, कालवतोय. हजार लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे पन्नास हजार लिटरच्या या टाकीला पाव किलो. चुन्याचा साका तळाला बसू द्यायचा आणि वरची निवळी तेवढी टाकीत ओतायची.

शेजारी सरपंच उभ्या आहेत. गावातली म्हातारी माणसं त्यांना अजून सूनबाई म्हणतात, बाकीचे सरपंच म्हणतात. महिन्याची सुरुवात त्या इथून करतात.

(दृश्य: वस्तीकडची पाऊलवाट.)

तासाभरानं आपण त्यांच्यामागे वस्तीवर जातो. गावाच्या पाइपलाइनीचं हे शेवटचं टोक. नळाला करंगळीएवढी धार आहे. सरपंच काचेच्या नळीत पाणी घेतात आणि ओटीचे (ऑर्थोटोल्युडिन या क्लोरिन तपासायच्या द्रावणाचे) थेंब सोडतात. पाण्यात क्लोरिन असेल तर रंग पिवळा होतो. टाकीजवळच्या नळाचं पाणी पिवळं झालं होतं. हे जसंच्या तसं राहिलं.

शेवटच्या नळालासुद्धा लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरलं पाहिजे. ते उरत नाही, याचा अर्थ लाइन मध्येच कुठंतरी फुटलेली असू शकते. आणि वर काही घरांनी थेट नळालाच मोटारी लावल्यात. मोटार सुरू झाली की गळतीच्या जागेतून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. म्हणजे वरच्या आळीत कुणाचा हौद लवकर भरतो आणि खालच्या वस्तीत कुणाच्या तरी लेकराला जुलाब लागतात. गावचं राजकारण म्हणतात ते मला तरी या एका पाइपात सगळं दिसलं.

(दृश्य: ग्रामपंचायत कार्यालय. टेबलावर प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेच्या नोंदींची वही.)

ग्रामपंचायतीची मासिक सभा. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानं चालत आलेली, दर महिन्याची. शिपाई घरोघर नोटीस घेऊन फिरलाय, नऊ सदस्यांच्या सह्या झाल्यात. पहिला विषय ठरलेला असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. दुसरा, जमाखर्च. मग आलेले अर्ज. दिवाबत्ती, वारसनोंद, नमुना आठचा (घराच्या कर आकारणीचा) उतारा, गटारावरचा धापा. आणि सगळ्यात शेवटी, अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय.

गळती दुरुस्तीचा विषय निघतो तेव्हा पहिला प्रश्न पैशाचा. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला (२०२१ ते २०२६) ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखलेला होता, पण काम आधी वार्षिक आराखड्यात असावं लागतं. मग इस्टिमेट, मग मोजमाप, मग सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (२०२४ पर्यंतचे ग्रामसेवक) दोघांच्या डिजिटल सह्या. फुटलेली लाइन तेवढे दिवस थांबत नाही. राहिला ग्रामनिधी. तो भरतो घरपट्टी-पाणीपट्टीतून, आणि वस्तीवरच्या लोकांचं म्हणणं सरळ आहे: पाणीच येत नाही तर पट्टी कशाची भरायची?

भाऊसाहेब, म्हणजे इथले ग्रामपंचायत अधिकारी, वहीत लिहितात. सूचक कोण, अनुमोदक कोण. प्रोसिडिंगला चढलं नाही ते झालंच नाही, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून सरपंच प्रत्येक ठराव मोठ्यानं वाचून घेतात आणि मगच सही करतात. निवडून आल्यावर पहिले दोन महिने त्यांच्या वतीनं घरातलेच कुणी ना कुणी बोलायचे. राज्यात २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा बायकांना आहेत, पण त्या खुर्चीत स्वतः बसायचं तर घरातच आधी सांगावं लागतं. ते त्यांनी सांगितलं. आज कार्यालयात घरचं कुणीही नाही.

मोटारींचा विषय मात्र त्या लगेच घेत नाहीत. नोटीस काढणं सोपं आहे. पण चार मोटारींपैकी एक त्यांच्या चुलत दिराची.

(दृश्य: संध्याकाळ. एक ओटा.)

कॅमेरा आम्ही लांब ठेवलाय. त्या ओट्यावर बसतात, चहा घेतात, उसाचं, पोरांच्या परीक्षेचं बोलणं होतं. मग त्या म्हणतात, "भावजी, पहिली आपली काढू. मग मला दुसऱ्याच्या दारात जाता येईल." बराच वेळ कुणी काही बोलत नाही. आतून जाऊबाई म्हणतात, "काढा की. हौद काय रोज लागतोय?"

दुसऱ्या दिवशी ती मोटार निघाली. उरलेल्या तिन्ही आठवडाभरात निघाल्या. माझ्या मते त्या महिन्यातलं सगळ्यात मोठं काम हेच, आणि ते कुठल्याच वहीत नाही.

बाकीचे दिवस हेलपाट्यांचे. पंचायत समिती, इंजिनिअर, वीज मंडळ. दोन हजारांपर्यंत वस्तीच्या गावात सरपंचाचं मानधन २०२४ साली तीन हजारांवरून सहा हजार झालं. तालुक्याला जाण्यायेण्यातच त्यातलं बरंच उडतं.

गळती शेवटी ओढ्याकाठी सापडली. जॉइंट उखडला होता, वर गाजरगवत माजलं होतं. ग्रामनिधीतून सामान आलं, दोन दिवस खोदाई चालली.

(दृश्य: पुन्हा वस्तीवरचा नळ. सकाळ.)

धार आता मनगटाएवढी नाही, पण हंडा भरतोय. सरपंच नळी धरतात, थेंब सोडतात. पाणी हळूहळू पिवळं होतं.

हंडा घेऊन उभी असलेली म्हातारी नळीकडं बघून घाबरते. "अगं, पिवळं झालं की! नासलं का काय?"

"नाही आत्या. पिवळं झालं म्हणजेच चांगलं. भरा हंडा."